शिंगाड्यांच्या तलावावर दोनदा

या तलावाचं नाव मी देणार नाही. उमरेडच्या पुढे, भिवापूरच्या अंगाने कुठेतरी तो आहे, एवढं पुरे. भिवापूरच्या अलीकडे की पलीकडे, हे विचारणाऱ्यांना मी गेल्या महिनाभरात तोंडावर नकार दिला आहे; त्यात आमच्या मुख्याध्यापिकाबाईही आल्या. त्यांना ते आवडलं नाही.

याच तलावावर मी मागच्या वर्षी एक लेख लिहिला होता. त्यात दुरुस्ती छापा, असं पत्र परवा संपादकांना टाकलं. त्यांचं उत्तर आलं, की वर्षापूर्वीच्या लेखाची दुरुस्ती आता कोण वाचणार, त्यापेक्षा वसंतावर नवं काही लिहा. म्हणून हे नवं लिहिते आहे. त्यांच्या उपयोगाचं निघेल असं वाटत नाही.

पहिला फाल्गुन

मी नागपुरात मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. एकटी राहते. पक्षी पाहण्याचा नाद मला चाळिशीनंतर लागला. अंबाझरी आणि गोरेवाडा हे शहराजवळचे तलाव पायाखालचे झाले, तेव्हा आमच्या शाळेत पाणी भरणाऱ्या शेवंताबाई म्हणाल्या, "बाई, खरी पाखरं पाहाची असन तं माझ्या मावसबहिणीच्या गावी जा. तिचा नवरा ढिवर हाय, मासे धरते. तलावातच राह्यते म्हना नं."

प्रॅक्टिकल आणि वार्षिक परीक्षा यांच्यामध्ये चार दिवस मोकळे मिळाले. इतवारीहून छोट्या लाईनच्या गाडीत बसले. उमरेडपर्यंत रुळांच्या दोन्ही बाजूंना पळस पेटलेला. पुढे शेताशेतांतून मिरच्या वाळत घातलेल्या होत्या. वारा आला तशी डब्यातली सगळी माणसं एकदम शिंकू लागली. बायकांनी नाकाला पदर लावले. माझ्याजवळ रुमाल होता, पण तो दुर्बिणीच्या काचांना गुंडाळला होता, तो सोडवेना. माझ्या शिंका सगळ्यांत शेवटी थांबल्या.

शेवंताबाईंची बहीण कौसा दारात जाळं विणत बसली होती. काटक, रापलेली, माझ्याच वयाची. मी कशासाठी आले ते सांगितलं.

"पाखरं पाहाले?" ती म्हणाली. "खाले नाई?"

"नाही. नुसती पाहायला."

"नागपुरात पाखरं नाईत?"

"आहेत. पण अशी नाहीत."

"अशी म्हंजे कशी? अजून पाह्यली कुठं तुमी?"

मला हसू आलं आणि तीही हसली. त्या हसण्यावर मला तिच्या ओसरीत जागा मिळाली. संध्याकाळी तिने भात, लाखोळीची डाळ आणि झिंग्यांची चटणी वाढली. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात मासा कधी उंबरठा ओलांडून आत आलेला नाही. मी चटणी खाल्ली, परत मागून घेतली. आमच्याकडे आमटीत गूळ घालतात म्हटल्यावर कौसाने हात थांबवून विचारलं, "कोनी आजारी असलं म्हंजे?"

तिचा नवरा सोमा जेवताना एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना तो ओसरीजवळ येऊन उभा राहिला आणि फक्त "चाला" म्हणाला.

तलाव मोठा नव्हे. एका बाजूला मातीची उंच पाळ, पाळेवर मोह आणि जांभळीची झाडं, उरलेल्या तिन्ही बाजूंना दलदल. निम्म्या पाण्यावर शिंगाड्यांच्या वेली पसरलेल्या. चिखलात माझी एक चप्पल रुतली ती वर येईना. सोमाने बांबूने ती उकरून काढली, पाण्यात खळबळली आणि डोंग्यात ठेवली. डोंगा सावरीच्या बुंध्यातून कोरलेला, दोन माणसं जेमतेम मावतील इतका. मी पुढे बसले, तो मागे उभा.

त्या सकाळी मी काय काय पाहिलं! लाल लांब पायांवर चालणारे शेकाटे. पानांवरून धावणारे कमळपक्षी. रुंद चोचीने पाणी गाळत जाणारे थापट्ये. आणि पलीकडच्या उथळ पाण्यात पट्टकदंब, राखी रंगाचे हंस, पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या, एकूण चाळीसच्या वर. हिमालय ओलांडून येतात ते. पुस्तकात चित्र पाहिलं होतं. इथे ते चिखलात उभे राहून मानेची पिसं साफ करत होते.

"आमी पाव्हणे म्हनतो त्याइले," मागून सोमा हळूच म्हणाला. "थंडीत येते, पळस झडला का जाते."

तो बांबू असा उचलायचा की टोकाचा थेंबही पाण्यात पडू नये. दर वेळी तळहातावर घ्यायचा. वेलींच्या आडून आडून आम्ही गेलो. मधेच तो थांबायचा, मला कारण कळायचं नाही. मग त्यानेच सांगितलं, "उठाच्या आंधी एक जन मान वर करते. त्यानं मान वर केली का आपन थांबाचं. त्यानं खाली घातली का चालाचं." असं करत आम्ही वीस हातांवर गेलो. दुर्बीण लागलीच नाही. एका हंसाच्या डोळ्याचा तपकिरी रंग मी उघड्या डोळ्यांनी पाहिला.

तीन दिवस आम्ही रोज गेलो. तिसऱ्या दिवशी पाळेवर बसून मी हंसाचं चित्र काढलं, तेव्हा कौसा भाकरी घेऊन आली होती. बराच वेळ चित्र पाहून म्हणाली, "पोटाशी जाड झाला. पन हाय तोच."

लेख

परत आल्यावर चार रात्री बसून लेख लिहिला. रविवारच्या पुरवणीत छापून आला, चित्रासकट. शिक्षकांच्या खोलीत वाहवा झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी तो फलकावर लावला. एका वाचकाने पत्र पाठवलं की, लेख वाचून त्या तलावावर जाऊन आल्यासारखं वाटलं. ते पत्र मी पर्समध्ये ठेवून बरेच दिवस हिंडत होते.

त्याच उन्हाळ्यात मी एक चांगली दुर्बीण घेतली. पौष आला, माघ आला, आणि परीक्षांच्या आधीचे तेच चार दिवस मी पुन्हा मोकळे काढून ठेवले. कौसासाठी लुगडं घेतलं. सोमासाठी काय घ्यावं ते सुचलं नाही, म्हणून काहीच घेतलं नाही.

दुसरा फाल्गुन : पहिला दिवस

दुपारी पोचले. कौसा दारात मासे साफ करत होती. उठली नाही.

"आल्या का," म्हणाली.

पाणी दिलं. मी लुगडं पुढे केलं तर हात ओले आहेत म्हणाली आणि ते तसंच खाटेवर राहिलं. मीच प्रवासाने दमले असेन, किंवा काहीतरी घरातलं असेल, असं स्वतःला सांगून मी सोमाची चौकशी केली.

"असन तिकडंच."

मी एकटीच तलावावर गेले. मोहाखाली पानांचा खच पडला होता, फुलं अजून यायची होती. पाळेवर उभी राहून नवी दुर्बीण लावली. पलीकडचं उथळ पाणी रिकामं होतं. अजून पळस झडला नव्हता, मग पाहुणे गेले कुठे? दलदलीच्या कडेने निघाले. मागच्या वर्षी पांढऱ्या कपाळाचे काळे चांदवे पायांशी येत. आता दोनशे हातांवरूनच सगळा थवा पाणी कापत पळाला. टिटव्या डोक्यावर ओरडत राहिल्या. शेकाटे सहाच दिसले. एका वाळक्या बेशरमीच्या झुडपाखाली चिखलात काहीतरी लाल होतं. उचललं. पुठ्ठ्याचं, बुडाला पितळ असलेलं काडतूस. मग दुसरं, तिसरं. लहानपणी कवड्या गोळा कराव्यात तशी मी ती ओटीत गोळा करत गेले. कशासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

पाळेच्या शेवटी सोमा बसला होता. पाण्याकडे तोंड, हातात बिडी. मी हाक मारली तेव्हा त्याने सगळं अंगच माझ्याकडे वळवलं, नुसती मान नाही. डावा डोळा नव्हता. पापणी आत ओढली गेली होती. गालावर आणि कानाजवळ काळे बारीक व्रण होते, देवीचे असावेत तसे.

"सोमा, हे काय?"

"छर्रे," तो म्हणाला.

मी तिथेच मातीत बसले. त्याने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिते. तो एवढं सलग बोललेला मी प्रथमच ऐकत होते.

"पूसाचा महिना लागला होता. धुकं होतं. उरलेसुरले शिंगाडे काढाले म्या डोंगा वेलीत घातला. वाकून होतो. पाव्हणे पलीकडं बसून होते. एकानं मान वर केली. म्या म्हटलं, मी तं हललो नाई, मंग यानं काहून मान वर केली? म्हनून मांगं वळून पाह्यलं, तं बार झाला. दोन झाले का तीन, मालूम नाई. मी पान्यात पडलो."

"त्यांनी आधी आवाज नाही दिला?"

"नाई. मंग धावत आले चौघं. पाखरं उचलाले. मी दिसलो तवा थांबले. एक मले म्हने, इथं मानूस कसा आला?" सोमाने बिडी मातीत विझवली. "म्या बापाच्या वक्तापासून या तलावात हाव, बाई. अन् तो मले विचारून राहिला."

त्यांनी जखमेवर बाटलीतली दारू ओतली, रुमाल बांधला, त्याला घरापर्यंत आणून सोडलं. जाताना दोन हंस ओसरीत ठेवले. रांधा म्हणाले. दोन दिवसांनी ताप चढला तेव्हा गाववाल्यांनी बैलगाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. तोवर डोळा गेलेला होता.

"चौकीवर सांगितलं नाही?"

"जीपमंधी त्याइच्यासंगं एक साहेब होता. चौकीतला हवालदार त्याले सलाम मारते. सांगाव कोनाले?"

शिकारीला फारशी आडकाठीही नाही. परवाना असला की झालं. मी म्हटलं, माझ्याबरोबर नागपूरला चल, मोठ्या डॉक्टरला दाखवू. तो म्हणाला, "दाखवून का करू? दुसऱ्यानं दिसते." आणि पुन्हा सगळं अंग वळवून पाण्याकडे पाहत बसला. ओटीतली काडतुसं मी त्याला दिसू नयेत म्हणून पदराखाली धरली होती.

दुसरा दिवस

सकाळी मला कुणी बोलावलं नाही. मी एकटी तलावाला फेरी घालून आले. कमळपक्षी होते, धोबी पक्षी होते, दूरवर एक उघड्या चोचीचा करकोचा गोगलगाय फोडत होता. वहीत नोंद केली नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं की वसंतात पक्ष्यांची परतीची ओढ सुरू होते. मी मनाशी तेच घोकत होते, की गेले असतील लवकर, या वर्षी ऊन लवकर तापलं. पण किती गेले आणि किती ओसरीत ठेवले गेले, हा हिशेब डोक्यातून जाईना.

ऊन वर आल्यावर परतले. सोमा ओसरीत भिंतीला टेकून बसला होता. कौसाने आतून पत्र्याची पेटी आणली, तिच्यातून घडी केलेला कागद काढून माझ्या पुढ्यात ठेवला. घडीवर तपकिरी डाग होते. उलगडला, तर माझं चित्र. पोटाशी जाड झालेला हंस.

"तुमचंच ना हे?" कौसा म्हणाली.

"माझंच."

"बार झाला त्याच्या आदल्या दिशी जीप इथंच थांबली, आमच्या दारात. हा कागद दाखवून म्हने, हाच तलाव ना? म्या चित्र पाह्यलं. म्हटलं, बाईचं चित्र हाय, तं बाईचीच मानसं असन." तिचा आवाज चढला नाही. "म्या चहा देल्ला त्याइले, हा कागद इथंच इसरून गेले. रस्ता म्याच दाखवला. पाळेवरून नका जाऊ, म्हटलं, तिकडून गेले का पाखरं उडते, दलदलीकडून जा. तुमाले नेत होता तसंच सांगतलं म्या."

मी कागदाची घडी पुन्हा घातली.

"वाचा," ती म्हणाली. "का लिहिलं हाय त्यात, ते तं आयकू."

मी म्हटलं, आता कशाला. ती म्हणाली, "आमाले वाचता नाई येत म्हनूनच म्हन्तो नं." सोमाने उजवा कान माझ्याकडे केला.

मी वाचलं. सुरुवातीला पळसाचं वर्णन होतं, ते त्यांनी निमूट ऐकलं. पुढे होतं : "स्टेशनपासून दीड कोसावर हा तलाव आहे. पाळेपर्यंत बैलगाडीची वाट आहे. जीपही सहज जाईल." हे मी लिहिलं होतं हे मला आठवतसुद्धा नव्हतं. कौसाबद्दल दोन ओळी होत्या, त्यात तिचं नाव नव्हतं. "गावातल्या एका भोळ्या कोळणीने मला आसरा दिला."

"भोळी म्हंजे?"

"साधी."

"म्हंजे येडी?"

"नाही गं, तसं नाही."

"येडीच," ती म्हणाली. "चहा देल्ला नं म्या. चाला, वाचा पुढं."

पुढचा परिच्छेद मी डोळ्यांनी आधी वाचला. तो गाळून मी खालच्या ओळीला उडी मारली, पण उडी जमली नाही, वाक्य अर्ध्यातच सुरू झालं.

"थांबल्या काहून?" सोमाने विचारलं.

मग मी ते वाचलं. जसं होतं तसं इथे देते : "भल्या पहाटे, मुळीच आवाज न करता, शिंगाड्यांच्या वेलींच्या आडून गेलं तर हे हंस वीस हातांवर येऊ देतात. एकाने मान वर केली की थांबावं, खाली घातली की पुढे सरकावं, ही युक्ती मला तिथे साधली. अशा वेळी तलावावर माणसाचा मागमूसही नसतो. तिथे होते फक्त हंस आणि मी."

हे लिहिताना मला काय वाटत होतं, ते मला नीट आठवतं. 'मागमूस' हा शब्द कसा बसला म्हणून मला आनंद झाला होता. मागे उभा राहून थेंब तळहातावर घेणारा माणूस वाक्यात आला असता तर एकांत मोडला असता, म्हणून मी त्याला काढला. वाक्याला डौल यावा म्हणून. त्या चौघांनी ते वाचलं आणि खरं मानलं. वेलींत काहीतरी हललं ते पाखरूच असणार, असं त्यांना वाटलं असेल तर त्याला आधार होता. छापील आधार.

सोमाने भिंतीला टेकलेली पाठ सरळ केली.

"मान वर केली का थांबाचं," तो म्हणाला, "हे तं म्या सांगतलं होतं."

"हो."

"मंग मानूस नव्हता म्हन्ता, तं डोंगा कोन चालवत होता, बाई?"

तो रागावलेला नव्हता. खरोखर विचारत होता, हेच वाईट होतं. मी म्हटलं, "चुकलं माझं." त्याने मान हलवली, कबूल म्हणून की ऐकलं म्हणून, ते मला कळलं नाही. मग उठून भिंतीला हात लावत तो अंगणात गेला. डाव्या बाजूचं त्याला अजून नीट उमगत नसावं, कारण खाटेच्या पायाला त्याची पोटरी आपटली.

मी कौसाला विचारलं, "ते दोन हंस?"

"रांधले," ती म्हणाली. "टाकून का करतं? तो खाटेवर तापात पडला होता, घरात दुसरं काई नव्हतं. मीच घातलं त्याच्या तोंडात."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिने वाढलं मात्र रोजच्यासारखं, डाळ आणि भात. आग्रह केला नाही.

तिसरा दिवस

चौथा दिवस राहिले नाही. सकाळीच पिशवी भरली. लुगडं अजून खाटेवर होतं. मी ते उचललं नाही, तिनेही उचललं नाही. सोमा घरी नव्हता. त्याला भेटून जावं म्हणून मी पाळेवर जाऊन पाहिलं. धुक्यात, वेलींच्या कडेला, त्याचा डोंगा दिसला. तो जाळं टाकत होता आणि प्रत्येक वेळी टाकण्याआधी सगळं अंग डावीकडे वळवून पाहून घेत होता. हाक मारायचं धाडस झालं नाही.

माझी पिशवी कौसाने सवयीने डोक्यावर घेतली आणि बैलगाडीच्या वाटेने माझ्यापुढे चालू लागली. दीड कोसात ती एकदाही मागे वळली नाही. वाटेत एका शेतात मिरच्या पसरल्या होत्या, तिथे मला शिंक आली. तेवढाच काय तो आवाज. स्टेशनच्या अलीकडे, जिथून रूळ दिसू लागतात तिथे, तिने पिशवी खाली ठेवली.

"बाई," ती म्हणाली, "पुढच्या साली येऊ नका."

मला ते ऐकावं लागणार हे माहीत होतं, तरी मी काहीतरी धरायला पाहत होते. म्हटलं, "आणि पाव्हणे परत आले तर? मला कळवशील? शेवंताबाईंकडे निरोप दिलास तरी चालेल."

तिने पदराने कपाळ पुसलं. पहिल्या दिवसापासून प्रथमच ती माझ्याकडे नीट पाहत होती.

"नाई कळवनार," ती म्हणाली. "आले तं आमी पाहू त्याइले."

आणि ती आल्या वाटेने परत गेली.